आठशे फुटांचं कोमट पाणी

मला विज्ञान प्रदर्शनांचा तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. त्यातली निदान पंधरा वर्षं कुणाचा तरी थर्माकोलचा ज्वालामुखी मांडीवर सांभाळत टेम्पोतून तालुक्याला गेलेय. आतून उदबत्तीचा धूर, बाजूला लाल दिवा, आणि शेजारी वेण्या घट्ट बांधलेली एक मुलगी, श्वास न घेता पाठ केलेली वाक्यं म्हणणारी. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीच्या खालीच एक दुकान आहे. तिथे असे प्रकल्प तयार मिळतात. सूर्यमाला, पवनचक्की, आणि भूऔष्णिक वीजकेंद्रसुद्धा. माझ्या स्वतःच्या मुलासाठी मी तिथूनच एक वीजकेंद्र आणलं होतं. त्याला बक्षीस मिळालं नाही, कारण त्याच दुकानातलं तेच केंद्र त्याच्या वर्गातल्या आणखी दोघांनी आणलं होतं.

तेव्हा मी कुणी मोठी तत्त्वनिष्ठ बाई आहे असा कुणाचा समज नको. पुढचं वाचताना तर नकोच.

माझी शाळा विंचूरच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात आहे. आम्ही चार शिक्षक एकाच गाडीतून नाशिकहून येतो-जातो. सकाळी साडेदहाला गावात शिरायचं आणि संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडायचं. मधल्या सात तासांत आम्ही गावाला शिकवतो, असं आम्ही समजतो. गावात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची विहीर कधी आटली, यातलं आम्हाला काहीही माहीत नसतं. माहीत करून घ्यायची गरजही वाटलेली नसते. द्राक्षांच्या बागा, कांद्याच्या चाळी, बंगल्यांपुढे उभ्या गाड्या, एवढं खिडकीतून दिसतं. तेवढ्यावर आमचं गावाबद्दलचं मत पक्कं असतं.

जानेवारीतली गोष्ट. आठवीच्या वर्गात ऊर्जेचे स्रोत चालले होते. सूर्य, वारा, पाणी झालं. भूऔष्णिक ऊर्जेला पुस्तकात जेमतेम अर्धं पान, आणि त्यावर कुठल्यातरी परदेशातलं वाफाळलेलं चित्र. मी खडू घेऊन पृथ्वीचा गोल काढला, पोटात लाल गाभा रंगवला. खाली खाली जावं तशी उष्णता वाढते, काही ठिकाणी ती पाण्याला तापवून वर पाठवते, त्या वाफेवर वीज करता येते, हे सगळं सांगितलं. गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, त्याची आजी खरजेसाठी अशाच एका झऱ्यावर आंघोळ करून आली होती. खरूज गेली का, असं दुसऱ्यानं विचारलं. वर्ग हसला आणि मी डस्टर आपटलं. रोजच्यासारखंच.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिचे वडील ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. टाकीचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, कुठल्या गल्लीला कधी पाणी ते बघायचं. घरी शेत नाही, बोअर नाही. एरवी ती फार बोलायची नाही.

"मॅडम, मग बोअरचं पाणी थंडीत गरम येतं, ते पण खालूनच येतं ना?"

आता थंडीत बोअरचं पाणी गरम येतं, हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्याकडे जानेवारीत कडाका वाढला की द्राक्षं जपायला लोक पहाटे बागेत बोअरचं पाणी सोडतात. पोरं त्याच पाण्यानं तोंड धुऊन शाळेत येतात. फक्त पुस्तकातलं अर्धं पान आणि आपल्या घरचा नळ यांचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.

मी प्रामाणिक उत्तर दिलं. म्हटलं, "त्यातलं निम्मं आपल्याला नुसतं तसं भासतं. हवा गार असते, जमिनीखाली तेवढा गारठा पोचत नाही, म्हणून पाणी कोमट लागतं. पण बोअर खूप खोल असेल तर पाणी खरोखरच थोडं जास्त गरम असतं. त्यावर वीज नाही होणार. पण ती उष्णता पृथ्वीच्या पोटातलीच."

"म्हणजे आठशे फुटाच्या बोअरचं तीनशे फुटापेक्षा जास्त गरम पाहिजे?"

"पाहिजे."

"मोजायचं का?"

इतक्या वर्षांत पोरांनी मला हे परीक्षेला आहे का, वहीत लिहायचं का, आकृती पेन्सिलनं काढायची की पेननं, असं सगळं विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी खुशीत होते. माझ्याच खुशीचा मला आज राग येतो.

प्रयोगशाळेत तीन थर्मामीटर होते. त्यातल्या एकाचा पारा मध्येच तुटलेला. उरले दोन. मी नियम घालून दिले. मोटार दहा मिनिटं चालू द्यायची, मग बादली भरायची. थर्मामीटर बादलीच्या तळाला टेकवायचा नाही, पाण्यातून बाहेर काढून वाचायचा नाही, डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवायचा. प्रत्येक बोअरचं रीडिंग तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं. आणि बोअर किती फूट आहे ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहायचं. हा शेवटचा नियम मी अगदी सहज घातला.

त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती. पोरं शाळा सुटली की दोनदोनच्या जोड्या करून मळ्यांत जायची. एका बागाईतदारानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मॅडम, पाण्याला ताप आलाय का बघायला पोरं पाठवता. आमच्या बागेला आला तर कुणाला पाठवणार?" पण त्यानं मोटार चालू करून दिली. सगळ्यांनीच दिली. गावाला गंमत वाटत होती. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या घरी बोअर नसल्यामुळे ती सगळ्यांच्याच बोअरवर जायची. कुणाचं रीडिंग तिनं घेतलं नाही असं नव्हतंच.

मग तक्ता केला. पांढऱ्या जाड कागदावर आडव्या रेषेत फूट, उभ्या रेषेत अंश, आणि प्रत्येक बोअरचा एक निळा ठिपका. ठिपक्याखाली बारीक अक्षरात कुणाचं बोअर ते लिहायचं, ही कल्पना माझी. पोरांना आपापल्या घराचं नाव तक्त्यावर बघायला आवडेल म्हणून. एकेक ठिपका पडत गेला आणि सातव्या-आठव्या ठिपक्यानंतर वर्गाच्या लक्षात आलं, की हे वाट्टेल तसे पडत नाहीयेत. खोली वाढेल तसे हळूहळू वर चढताहेत. पाच-सहा जण उठून फळ्यापाशी आले. मी त्यांना जागेवर बसा म्हटलं नाही. मुलीनं पट्टी ठेवून मधून रेषा काढली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पृथ्वीचं पोट गरम आहे हे त्यांनी पुस्तकातून वाचलं नव्हतं, त्यांनी ते बादलीत बघितलं होतं. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते.

बावीस ठिपक्यांतला एकच रेषेवर बसेना. शाळा समितीच्या अध्यक्षांचं बोअर. त्यांचा नातू याच वर्गात होता. त्यानं घरून बोअरची खोली लिहून आणली होती, एकशे ऐंशी फूट. एवढ्या बोअरचं पाणी सव्वीस अंशांच्या आसपास हवं. यांचं एकतीसच्याही वर. तो ठिपका सगळ्यांना सोडून एकटाच वर जाऊन बसला होता.

मी म्हटलं, "मोजण्यात चूक झाली असेल. पुन्हा जा." ती नातवाला घेऊन पुन्हा गेली. घरच्यांनी दोघांना बोरं खायला दिली, मोटार चालू करून दिली. रीडिंग तेच. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे येऊन ती म्हणाली, "मॅडम, टेंपरेचर बरोबर हाय. फूट चुकलेत." आणि मग तिनं जे केलं ते मी तिला शिकवलं नव्हतं. त्या ठिपक्यापासून पट्टी आडवी धरून ती रेषेपर्यंत गेली, रेषेवरून सरळ खाली उतरली आणि बोट ठेवलं. "इथं येतंय. आठशेच्या पुढं."

मी वर्गाला सांगितलं, बघा, याला म्हणतात विज्ञान. सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. अध्यक्षांचा नातू तेवढा बाकावर खाली बघत बसला होता. मला वाटलं, चुकीची माहिती आणली म्हणून ओशाळला असेल. बिचाऱ्याला मी "असू दे रे, होतं असं" असंही म्हणाले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, भाषणं झाली, गोळ्या वाटल्या. तक्ता मी मुद्दाम व्हरांड्यात लावला होता आणि मुलीला शेजारी उभं केलं होतं. समितीची मंडळी, पालक, शेजारच्या वस्तीवरच्या बायका, सगळे तिथे जमले. ती स्वच्छ आवाजात सांगत होती. पाठ केलेलं एकही वाक्य नव्हतं. कुणीतरी विचारलं, "हा एक ठिपका का गं असा वेगळा?" तिनं तितक्याच स्वच्छ आवाजात सांगितलं, की या बोअरची खोली चुकीची लिहिली गेलीय, पाण्यावरून ते आठशे फुटांच्या पुढचं असणार.

मागे एक बाई मोठ्यानं हसली आणि तिनं लगेच तोंडाला पदर लावला. अध्यक्षांनी मान वाकडी करून ठिपक्याखालचं नाव वाचलं. मग हसून म्हणाले, "हुशार हाय पोरगी. कुणाची?"

कुणाची ते त्यांना चांगलं माहीत होतं. तिचा बाप रोज त्यांच्याच घरासमोरचा व्हॉल्व्ह फिरवत होता.

परतीच्या गाडीत मला आमच्या मराठीच्या सरांनी शहाणं केलं. त्यांची सासुरवाडी त्याच भागातली. गावाच्या पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर अध्यक्षांच्या मळ्याला लागून आहे. अशा विहिरीच्या जवळ दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला मनाई आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी अध्यक्षांनी बोअर घेतलं आणि कागदावर एकशे ऐंशी फूट लिहून दिलं. बोअरची गाडी दोन दिवस घरघरत होती. अख्ख्या गावानं आवाज ऐकला, पाइपांची मोजदाद पोरासोरांनीसुद्धा केली. तेव्हापासून विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. आणि कुणी काही बोलत नाही.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" सरांनी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. पण ज्या स्वरात त्यांनी विचारलं त्यावरून कळलं, की उद्या यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "मॅडम, प्रयोग छानच आहे. फक्त तो एक ठिपका जरा बघा. आपण विज्ञान शिकवतो, गावाची चौकशी करत नाही." मी म्हटलं, रीडिंग तीनदा घेतलंय. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग, विषय बदलावा तसं, म्हणाले, की आठवीची तुकडी यंदा कमी झालीय, पुढच्या वर्षी एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, नाव समितीच सुचवणार. अतिरिक्त ठरलं की कुठे पाठवतील सांगता येत नाही. याआधी अतिरिक्त ठरलेल्या बाई सुरगाण्याकडे गेल्या, घाट उतरून जीपनं शाळेत जायच्या. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. मुख्याध्यापकांनी हे मला धमकी म्हणून सांगितलं नाही. काळजीनं सांगितलं. मला ते नीट कळलं.

दुपारच्या सुट्टीत फाटकाशी मुलीचे वडील उभे होते. चपला बाहेर काढूनच आत आले, मी नको म्हणत असताना.

"मॅडम, पोरीला कळत नाय. तेवढं खाली घ्या."

"पण तिनं बरोबर मोजलंय," मी म्हणाले.

"असंल. मी कुठं नाय म्हणतो." मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "माझं काम पंचायतीच्या हातात हाय, अन् पंचायत त्यांच्या. अध्यक्षांच्या भावानं काल रस्त्यात नुस्तं विचारलं, पोरगी लय शिकवायची हाय का म्हणून. एवढंच विचारलं."

आता जे लिहायचंय ते लिहायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली. त्या माणसाचं बोलणं ऐकून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या आधी मला सुटल्यासारखं झालं. आता मला कारण मिळालं होतं. मी घाबरले म्हणून नाही, गरीब माणसाचं काम जाऊ नये म्हणून ठिपका खाली आणायचा, असं मला स्वतःला सांगता येणार होतं. मी ते लगेच सांगूनही टाकलं. फाटकापासून वर्गापर्यंत चालत येईस्तोवर मी स्वतःच्या नजरेत चांगली बाई झाले होते.

खरं तर आणखीही वाटा होत्या. तक्ता गुंडाळून कपाटात ठेवता आला असता. नावं खोडता आली असती. तो एक ठिपका वगळता आला असता. पण तालुक्याच्या प्रदर्शनाला तक्त्याचं नाव गेलं होतं, आणि अध्यक्ष मुख्याध्यापकांना म्हणाले होते, तक्ता जाऊ द्या, पोरांची मेहनत आहे, फक्त चूक दुरुस्त करून. त्यांना ठिपका नाहीसा झालेला नको होता. त्यांना तो खाली आलेला हवा होता. हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. त्यांच्या लक्षात तो बरोबर आला होता.

शाळा सुटल्यावर मी मुलीला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. पांढरी शाई आणि निळा स्केचपेन टेबलावर ठेवला.

"अगं, तुझा थर्मामीटर बादलीला टेकला असेल."

"नाय मॅडम. मी हातात धरला होता."

"मग मोटार तापलेली असेल. नवीन मोटार पाणी तापवते."

"तीनदा घेतलंय मॅडम. तुम्हीच म्हणाला होता, तीनदा घ्यायचं."

मी आवाज चढवला. "मोठी माणसं खोटं सांगतील का?" असं मी तिला विचारलं. मी, विज्ञानाची शिक्षिका, जिनं आठवडाभर आधी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला तिच्या वडिलांबद्दल कळलं होतं का, मला माहीत नाही. घरी काही बोलणं झालं असेल. ती रडली नाही, वाद घातला नाही. तिनं एकच विचारलं, "कितीवर लावू?"

मी रेषेकडे बघितलं आणि म्हणाले, "सव्वीस."

तिनं वरचा ठिपका पांढऱ्या शाईनं बुजवला, वाळेपर्यंत फुंकर मारली आणि खाली नवा ठिपका लावला. सुंदर लावला. बरोबर रेषेवर.

प्रदर्शनात आमच्या तक्त्याला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी फार कौतुक केलं. एवढी सुबक रेषा, एकही ठिपका इकडे तिकडे नाही, ग्रामीण मुलांनी किती काळजीपूर्वक काम केलंय वगैरे. मग त्यांचं लक्ष पांढऱ्या डागाकडे गेलं. "इथे काय होतं गं?"

"चूक झाली होती," मुलगी म्हणाली. "मॅडमनी दुरुस्त करून दिली."

परीक्षकबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी हसले. शेजारच्या टेबलावर थर्माकोलच्या ज्वालामुखीतून धूर निघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा तिटकारा वाटला नाही. तो निदान थर्माकोलचा आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

मार्चमध्ये विहीर कोरडी पडली. वस्तीवरच्या बायकांनी अर्ज केला. अंगठे आणि सह्या होत्या. त्यात मुलीच्या आईची सहीही होती असं मला नंतर कळलं. नवऱ्याला न विचारता केलेली. एप्रिलच्या सुरुवातीला तालुक्याहून साहेब पाहणीला आले. अध्यक्षांनी त्यांना आधी बोअर दाखवलं, मग विहीर दाखवली, मग उन्हातून चहासाठी शाळेत आणलं. मी दहावीचे पेपर बघत बसले होते. व्हरांड्यातून आवाज आला.

"हे बघा साहेब. आमच्या शाळेतल्या पोरांनी गावातल्या सगळ्या बोअरचा अभ्यास केलाय. तालुक्याला नंबर आलाय. हे आपलं. एकशे ऐंशी फूट. पाण्याच्या टेंपरेचरवरून बरोबर जुळतंय बघा, शास्त्रीय पद्धतीनं."

साहेबांनी चष्मा वर करून बघितलं. "वा. कुणी करून घेतलं हे?"

अध्यक्षांनी मला हाक मारली. मी बाहेर गेले. विहिरीवरून मागोमाग आलेल्या चार-पाच बायका फाटकाशी उभ्या होत्या. साहेबांनी मला विचारलं, "हे आकडे मुलांनी प्रत्यक्ष मोजलेत ना, मॅडम?"

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. आकडे एकवीस बोअरचे खरे आहेत, बाविसावा माझा आहे, एवढंच. साहेब समोर होते, बायका ऐकत होत्या, मुख्याध्यापक चहाचा ट्रे घेऊन उभे होते. माझ्या डोक्यात सुरगाण्याचा घाट आला, घराचा हप्ता आला, मुलाची बारावी आली.

"हो," मी म्हणाले. "प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलंय."

साहेबांनी मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढला. पाहणीच्या कागदात तो जोडला गेला. विहीर नैसर्गिक कारणानं आटली असं उत्तर अर्जाला आलं. टँकर सुरू झाला आणि अजून दर उन्हाळ्यात येतो. मुलीच्या वडिलांचं काम राहिलं. माझंही राहिलं. अतिरिक्त ठरले ते मराठीचे सर.

फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांतली एक जाताना माझ्यासमोर थांबली होती. सव्वीस जानेवारीला हसलेली तीच. मला वाटलं, काही बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं व्हरांड्यातल्या तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हंडा उचलून गेली.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. अजून मीच शिकवते तिला. माझ्याशी ती नीट वागते. नमस्कार करते, वही वेळेवर देते, विचारलेल्याचं उत्तर देते. आधी मला वाटायचं, ती मनात राग धरून असेल. मी त्या रागाची वाट बघायचे. एखाद्या दिवशी ती उलटून बोलेल, आणि मग मी तिला सगळं सांगेन, माफी मागेन, असं मी गाडीत बसून बऱ्याचदा ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात दहावीची प्रात्यक्षिकं घेत होते. काचेच्या ठोकळ्यातून जाताना प्रकाश किती वळतो, ते टाचण्या लावून, कोन मोजून काढायचं आणि शेवटी एक आकडा आणायचा. पोरं गर्दी करून टाचण्या टोचत होती. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. कागद नीट लावलेला, पेन्सिलला टोक केलेलं, ठोकळा तसाच बाजूला ठेवलेला. मी जवळ गेल्यावर तिनं मान वर केली.

"मॅडम, उत्तर किती यायला पाहिजे?"

"आधी मोज तर," मी म्हणाले.

"तुम्ही सांगा ना. मग त्याच्यावरून कोन लिहिते. म्हणजे खाडाखोड नाय होणार."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला. ती खरोखर मदत मागत होती, काम स्वच्छ व्हावं म्हणून. सगळ्यांत चांगल्या विद्यार्थ्यानं मागावी तशी. मागची पोरंही हात थांबवून आकडा ऐकायला थांबली होती.

"दीड," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली, आणि एकही टाचणी न लावता कोन लिहायला घेतले.